धुतलेलं घोंगडं

मी रामहरीसाहेबांच्या खांद्यावरचं घोंगडं बोलतोय. टीव्हीवर तुम्ही मला पाहिलं असेल. दिल्लीत सगळे कडक जाकिटात, आणि साहेबांच्या खांद्यावर मी, काळा, खरखरीत.

माझं सूत वरकुट्याच्या झुंबरआत्यांनी कातलं. सणगरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ दिली. भाचा रामहरी शहरात निघाला तेव्हा आत्यांनी मला त्याच्या खांद्यावर टाकलं. म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून भंडारा उचललास, तर त्यो झटकू नगंस. भंडारा विणीत हाय तवर तुझा शब्द हाय."

शहरात नदीकाठच्या वस्तीत साहेब माझ्यावर बसले. तळहातावर भंडारा घेऊन, तुमची घरं हलू देणार नाही म्हणाले. वस्तीच्या मतांवर नगरसेवक झाले, पुढे महापौर. ती पिवळी हळद माझ्या विणीत राहिली होती. एका सकाळी साहेबांनी मला धुवायला टाकलं. घोंगडं कुणी धूत नाही. झटकतात, ऊन देतात. दुपारी मी ओलाच दोरीवर होतो, आणि नदीकडून वस्तीतली घरं पाडणाऱ्या यंत्रांचा आवाज येत होता.

पुढे खासदारकीची निवडणूक आली. वरकुट्याच्या गायरानावर कारखाना येणार, अशी कुणकुण होती. आत्यांची सत्तर मेंढरं त्याच गायरानावर जगतात. साहेबांनी गावात येऊन मला अंथरलं, भंडारा उचलला.

"आत्या, मी हाय तवर गायरानाला कुणी हात लावत न्हाय."

"लई मोठा झालास. अजून खाली बसता येतंय, ह्ये बरं हाय," आत्या म्हणाल्या. माणसं हसली.

साहेब निवडून आले, मंत्री झाले. काल ते जळोचीच्या बंगल्यावर उतरले. उद्या वरकुट्यात सत्कार आहे, घोंगडं स्वच्छ करून ठेव, असं त्यांनी आपल्या सहायकाला, ऋषिराजला, सांगितलं. त्यानं पावडर टाकून मला घासलं. पिवळं पाणी मोरीतून गेलं.

आज मांडवात आत्यांनी मला अंथरायला मागून घेतलं. त्यांना आता कमी दिसतं. विणीतून बोटं फिरवली, मग मला नाकाशी नेलं.

"धुतलंस व्हय रं?"

"मळलं हुतं, आत्या." साहेबांनी खुर्ची ओढली.

बाबांनो, मला फाडा, कोकरांखाली घाला. पण पुन्हा कुणाच्या शब्दाखाली अंथरू नका.

आत्यांनी माझी घडी करून काखेत धरली. सुनेला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "संजीवनी, गायरानातनं मेंढरं माघारी आण. आत्ताच."