कॅल्व्हिन ग्रेहॉकचा शेवटचा हुकूम

अमेरिकेतल्या शायान जमातीचा कॅल्व्हिन ग्रेहॉक तरुणपणी डोंगरातले वणवे विझवायचा. पुढे तो सिंगापूरला आला आणि समुद्रात पेटलेल्या जहाजांवर जाणाऱ्या तुकडीचा प्रमुख झाला. धुराने त्याची फुप्फुसं पार पोखरली होती. आता आगीत उतरायचं नाही, बाहेरून हुकूम द्यायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तुकडीतली इंजिनिअर रश्मी पुण्याची. एकदा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जेवताना तिने विचारलं, "तुमचे पूर्वज लढवय्ये होते म्हणे?"

"पणजोबांचे वडील. युद्धात पुढारी. लढाईत त्यांचं रक्षण करणारं एक पिसांचं शिरोभूषण होतं, ते घालणाऱ्याला खाण्याचं पथ्य असायचं. लढाईच्या तोंडावर ते मोडलं. पथ्य मोडलं की गोळी लागणार, असा त्यांचा विश्वास. शुद्धीच्या विधीला सवड नव्हती. त्यांच्या टोळीतली पोरं पुढे मरून पडत होती. त्यांनी घोडा काढला. गवतात दडलेल्या सैनिकाने त्यांना टिपलं."

"माहीत असूनही गेले?"

"पोरं त्यांचीच होती ना," कॅल्व्हिन म्हणाला आणि जेवू लागला.

पुढे एका पावसाळी दुपारी नांगरून पडलेल्या एका तेलवाहू जहाजाची इंजिन रूम पेटली. तुकडीतला निहार आत गेला होता. पाइप फुटला, ज्वाळा उसळल्या आणि वायरलेसवर त्याचं खोकणं ऐकू आलं. मग तेही थांबलं.

कॅल्व्हिनने मुखवटा चढवला.

"तुम्ही नाही!" रश्मी आडवी आली. "मी जाते."

"तू गॅसच्या झडपेपाशी थांब. आग तेलाच्या टाकीकडे सरकली तर इंजिन रूम बंद करून गॅस सोडायचा, आतली हवा संपली की आग विझते. जहाजावर माणसं आहेत, रश्मी."

तो शिडीवरून धुरात दिसेनासा झाला.

रश्मीचा हात झडपेवर होता. पायाखालचं लोखंड तापत चाललं होतं. अखेर इंजिन रूमच्या डेकवरच्या झाकणातून निहारचं डोकं वर आलं. खालून कोणीतरी त्याला रेटत होतं. दोघा खलाशांनी त्याला ओढून घेतलं, तेवढ्यात आत काहीतरी कडाडून कोसळलं. शिडी गेली होती.

"निहार वर आला?" वायरलेसवर कॅल्व्हिनचा आवाज.

"आला," रश्मी ओरडली. "दोर सोडतोय, धरा!"

"पाय अडकलाय. आग टाकीच्या भिंतीला लागली. झाकण लाव, गॅस सोड."

"नाही."

"रश्मी, हा हुकूम आहे."

तिने दोर सोडायला लावला, तो जळून तुटका वर आला. टाकीचं तापमान ओरडून सांगणारा एक खलाशी आता नुसता रडत होता.

"कॅल्व्हिन?"

"इथेच आहे. सोड."

झाकण बंद झालं. रश्मीने झडप फिरवली.

आग विझली. जहाज वाचलं, माणसंही.

कॅल्व्हिनची बहीण अमेरिकेहून त्याचा देह न्यायला आली. शवागाराबाहेर रश्मी त्या बाईंसमोर उभी राहिली. "गॅस मी सोडला," ती म्हणाली.

"मला सांगितलंय तुमच्या लोकांनी." बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांची नजर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, हाताला पट्ट्या बांधलेल्या निहारकडे गेली. त्याला जवळ यायचा धीर होत नव्हता.

"कॅल्व्हिनने वर काढला तो हाच?"

रश्मीने मान डोलावली.

"ये बाळा," बाई म्हणाल्या. "जरा बघू दे मला तुला."