घासलेली वाघीण

खंडेराव शेवाळे या माणसाला घाणीचं भारी वेड होतं. गैरसमज नको, स्वतः तो इतका टापटिपीचा, की सदऱ्याची इस्त्री मोडू नये म्हणून बसमध्ये जागा असली तरी उभा राहायचा. घाण त्याला हवी असायची ती फक्त त्याच्या वाघिणींच्या अंगावर. वाघीण म्हणजे मालगाडीचा बंद डबा. तोही खरा नव्हे, तळहातावर मावेल एवढा.

नाशिक रोडला छापखान्याच्या वसाहतीत त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, असे दोन वेडे राहत होते. एक खंडेराव आणि दुसरा समोरच्या इमारतीतला जयराम गांगुर्डे. दोघं एकाच खात्यात कारकून, दुपारी एकमेकांच्या डब्यातली भाजी ओरपणारे. जयरामचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता, तो येताना विलायतेहून खोकी आणायचा. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले दरवाजे, चाकं, बफर, साखळ्या असं काय काय असायचं. एकेक तुकडा ब्लेडने सोडवायचा, बारीक कानशीने साफ करायचा, चिमट्यात धरून चिकटवायचा. डबा परदेशी वाटू नये म्हणून खंडेराव छप्पर बदलायचा, दारांच्या कड्या बायकोच्या आकड्यांच्या तारेतून वळवायचा. त्यात सुलाबाईचा अंबाडा महिन्यातून एकदा तरी सुटायचा, पण ते असो.

डबा जोडून झाला, रंग दिला, नंबर चिकटवला, की जयरामचं काम संपायचं. त्याचे डबे आरशासारखे चकाकायचे. खंडेरावाचं काम मात्र तिथून सुरू व्हायचं. पाण्यात कालवलेला गेरू, स्टोव्हची काजळी आणि चहाचं काळं पाणी घेऊन तो मांडी घालून बसायचा आणि बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ, छपरावर धूर, चाकांपाशी वाळलेला चिखल असं सगळं एका केसाच्या ब्रशने उतरवायचा. एक थर वाळला की दुसरा. "अरे, मालगाडी आहे ती, नवरी नाही!" असं तो जयरामला दर आठवड्याला सुनवायचा. त्यावर जयराम म्हणायचा, "तुझ्या डब्याला हात लावला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं बाबा."

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात छंद मंडळाचं प्रदर्शन होतं. सोनं वाटायला माणसं बाहेर पडतातच, तेवढीच पायधूळ झाडतील असा मंडळाचा हिशोब. परीक्षक म्हणून मनमाडच्या यार्डात जन्मभर मालडबे तपासलेले सहादूनाना येणार होते, आणि बक्षीस होतं गार्डाच्या डब्याचं न उघडलेलं खोकं. खंडेरावाने यंदाच्या वाघिणीवर अख्खा भाद्रपद खर्ची घातला होता. असा गंज त्याला आजवर कधी साधला नव्हता. आता फक्त दसऱ्याच्या सकाळी वरून वार्निशचा हात मारायचा, म्हणजे गंज कायमचा बसला.

आणि नेमकी त्याच दसऱ्यासाठी कळवणहून सासूबाई आली.

कुसाबाईने या घरात अकरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. कारण असं, की लग्नाच्या पंगतीतून खंडेराव अर्ध्या जेवणावर उठला आणि जानवशात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. काय झालं, काय चुकलं, कुसाबाईने दहा दहा वेळा विचारलं. जावयाचं उत्तर एकच, "काही नाही." तेव्हा बाईने सगळ्या मांडवादेखत सांगितलं, "काय झालं ते कळंस्तवर मी यांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाय." खंडेरावाला कारण पक्कं ठाऊक होतं हो, पण ते इतकं बारीक होतं की लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याची त्यालाच लाज वाटायला लागली. मग सांगणार कोणत्या तोंडाने? नातवंडं सुट्टीत कळवणला जायची, पण आजी काही यायची नाही. यंदा मात्र ती आपणहून येते म्हणाली.

सुलाबाईने नवऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं. "आई इतक्या वर्षांनी माझ्या दारात येतेय. या खेपेला ती रुसून परत गेली, तर मी पण तिच्याबरोबर कळवणची गाडी धरीन. मग तुम्ही बसा वाघिणींना वरणभात वाढत." सुलाबाई असल्या बाबतीत थट्टा करत नसे.

खंडेनवमीला खंडेराव सकाळची पाळी करून घरी आला. दारातल्या सायकलला झेंडूची माळ. आत पाटावर घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडलेली: विळी, कोयता, पाना, पोरांची कंपासपेटी, त्याच्या कानशी, त्याचे चिमटे. आणि मधोमध त्याची वाघीण, कपबशी धुवावी तशी स्वच्छ, दारावर कुंकवाची पाच बोटं.

खंडेराव चपला न काढताच पाटापाशी पोचला.

"या, जावईबापू!" कुसाबाई पदराला हात पुसत पुढे आली. "काय अवतार केला व्हता हो हिचा! सुली झेंडू आणायला गेली व्हती, मी म्हटलं यांची हत्यारं घासून ठिवते. बाकी समदं बरं व्हतं, ही एवढी डबी मात्र पार गंजून गेलेली. चिंच लावली, काथ्या फिरवला, आता बघा कशी निघाली!"

खंडेरावाच्या ओठांपर्यंत असं काही आलं होतं, जे सासूसमोर तर सोडाच, यार्डातल्या हमालासमोरही बोलता आलं नसतं. पण सासूच्या खांद्यावरून सुलाबाईचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"छान," तो म्हणाला. "छानच झालं, मामी."

तेवढ्यात जयराम चहाला टपकला. पाटाकडे त्याची नजर गेली आणि तो दारातच थबकला. आधी त्याला वाटलं, खंड्याने आपल्याला भुलवायला दुसरीच वाघीण मांडली. मग कुसाबाईने चिंचेपासून काथ्यापर्यंत सगळी हकिकत पुन्हा एकदा सांगितली. ती ऐकताना जयरामला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

"मावशी, काय हात आहे तुमचा!" डोळे पुसत तो म्हणाला. "खंडेराव, तू किती नशीबवान, लेका! अशा अजून चौदा आहेत मावशी, त्या काचेच्या कपाटात. बिचाऱ्या गंजून चालल्यात. कोणी बघणारं नव्हतं."

"जयराम," खंडेराव दातांतल्या दातांत म्हणाला, "चहा निवतोय."

"निवू दे की. मावशी, किल्ली वरच्या फळीवर असते."

खंडेरावाने त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवला, आणि वर येऊन कपाटाची किल्ली जानव्याला नाही म्हणून करगोट्याला बांधली.

आता पुन्हा गंज चढवायचा तर महिन्याभराचं काम एका सकाळीत उरकायला हवं होतं. निदान बिजागऱ्यांपुरता तरी, असं म्हणत दसऱ्याच्या सकाळी तो गॅलरीत गेरूची वाटी घेऊन बसला. दोन ओघळ बरे उतरले. तिसऱ्याला मागून आवाज आला, "अगं बाई, परत मळली का?" आणि ब्रश बाजूला व्हायच्या आत कुसाबाईने वाघीण उचलून पदराने खसाखसा पुसली. नंतर तो काजळी घ्यायला स्टोव्हपाशी गेला, तर स्टोव्हही घासून ठेवलेला. नंतर उकळलेल्या चहाची पावडर शोधली, ती कुसाबाईने गुलाबाच्या कुंडीत घातलेली. एवढ्या घरात त्या दिवशी चिमूटभर घाण मिळेल तर शपथ!

शेवटी खंडेराव लख्ख वाघीण पेटीत ठेवून सभागृहात गेला. मागून सुलाबाई, पोरं, आणि नवं इरकल नेसलेली कुसाबाई. तिला ती डबी लोकांनी बघितलेली बघायची होती.

जयराम सकाळीच धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलेला, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आपल्या प्रवासी डब्याशेजारी उभा होता. सहादूनाना भिंग घेऊन एकेका टेबलावर वाकत होते. खंडेरावापाशी आले आणि त्यांनी आधी भिंग पुसलं.

"खंडेराव, तुमची वाघीण, आणि इतकी स्वच्छ? तब्येत बरी आहे ना?"

सभागृहात हशा पिकला. जयरामचा आवाज सगळ्यांच्या वर. कुसाबाई जावयाच्या कोपराशी उभी होती आणि कान देऊन ऐकत होती. खरं बोललं तर म्हातारी भर सभेत ओशाळणार, उद्याची पहिली गाडी धरणार, आणि तिच्यामागे सुलाबाई. खंडेरावाने घसा साफ केला.

"नाना, ही खंडेनवमीची वाघीण आहे. यार्डातल्या माणसांनी सकाळी धुतली, कुंकू लावलं. हार तेवढा यायचाय."

थाप अशी बेमालूम बसली की खंडेरावाला स्वतःलाच ती पटली. सहादूनानांचा चेहरा विरघळला. "अहो, दसऱ्याला इंजिनाला आम्ही हार घालायचो, नारळ फोडायचो. मालडब्याकडे कोण बघतंय! जन्मभर त्यांनीच पोसलं आम्हाला. वा, खंडेराव, वा!" जयरामचं हसू आटलं. गार्डाच्या डब्याचं खोकं आता खंडेरावाच्या हाती येणार असंच सगळ्यांना वाटलं. नानांनी भिंग पुन्हा खाली नेलं. "नंबर कुठाय?"

नंबर नव्हता. काथ्याने गंजाबरोबर नंबरही नेला होता, आणि गंजाच्या दुःखात खंडेरावाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"बिननंबरचा डबा मी आयुष्यात यार्डाबाहेर सोडला नाही," नाना कळवळून म्हणाले. "आज कसा सोडू, तुम्हीच सांगा!" आणि खोकं गेलं जयरामकडे. तो ते काखेत मारून सभागृहाला दोन चकरा मारून आला. एक चक्कर पुरली असती, पण ती दुसरी खंडेरावासाठी होती.

परतताना सुलाबाई पोरांना घेऊन पुढे चालत होती. मागे आपट्याची पानं मुठीत धरून कुसाबाई, आणि पेटी छातीशी धरून खंडेराव.

"जावईबापू," कुसाबाई म्हणाली, "काई बोलायचं हाय का?"

"काही नाही, मामी."

कुसाबाई रस्त्यातच उभी राहिली. "झालं! तेच. मांडवात पण तेच, आज पण तेच. अवो, गंज कधी पाण्यानं निघतो का? दुसऱ्याच हाताला मला कळलं, रंग हाय म्हणून. पण म्हटलं चांगलं झालं. घासू दे समदा, मग तरी हा माणूस तोंड उघडंल. नंबर निघाला ते मात्र चुकून झालं. तेवढा हात माझा जास्तच पडला."

म्हणजे दोन दिवस आपण जीभ चावून चावून जो मोठेपणा केला, तो या बाईच्या लेखी जुनाच रुसवा! मग मात्र खंडेरावाचा बांध फुटला.

"मुद्दाम? मुद्दाम घासलीत? मामी, अख्खा भाद्रपद गेला माझा त्या गंजावर! एकेक बिजागरी, एकेक ओघळ! डोळ्यांचं पाणी झालं! आणि वर पदराने पुसता? स्टोव्ह कशाला घासलात? कोणी सांगितलं होतं? पाहुणे आहात ना, बसा की जरा गप! तो जयराम आता वर्षभर मला जगू देणार नाही! आणि मांडवातलं विचारता? मांडवात मला तूप वाढलं नाही! सगळ्या पंगतीला वाढलं, माझ्या डावीकडच्याला वाढलं, उजवीकडच्याला वाढलं, आणि माझ्या पुरणपोळीवरून वाढपी तसाच पुढे गेला! नवरा मुलगा मी, आणि माझी पोळी कोरडी!"

पुढे सुलाबाई थांबली होती. सायकलवरून चाललेला एक गृहस्थ उतरून ऐकत होता. खंडेरावाच्या स्वतःच्याच कानांवर शेवटचं वाक्य पडलं आणि त्याचे कान गरम झाले.

कुसाबाईने पानं धरलेला हात तोंडावर नेला. "तूप?"

"तूप," खंडेराव पुटपुटला.

"अवो, त्याला मीच सांगितलं व्हतं, नवरदेवाला वाढू नको म्हणून. जावयाच्या ताटात तूप सासूनं वाढायचं असतं आमच्यात, आपल्या हातानं, धार धरून. घरचं कढवलं व्हतं तुमच्यासाठी. मी भांडं घेऊन आले, तर तुमचा पाट मोकळा."

खंडेरावाला कुठे बघावं तेच कळेना. "मग मामी," तो पेटीच्या कडीकडे बघत म्हणाला, "हे तेव्हाच नाही का सांगायचं?"

"कसं सांगणार?" कुसाबाई म्हणाली. "मला बी राग आला व्हता की."