सगळा दोष सीटखालच्या डब्याला

मित्रांनो, मोटारसायकलच्या सीटखाली राहणारा मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा आकार, अॅल्युमिनियमचं अंग आणि अंगातली उष्णता बाहेर जावी म्हणून पाठीवर उभ्या पट्ट्या. बारीक आवाज घ्यायचा आणि मोठा करून स्पीकरकडे पाठवायचा, एवढंच माझं काम. ते मी चोख करतो. तरीही आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, 'हा डबाच बेकार आहे.'

कारखान्यात मला जोडलं तेव्हा जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझा एकेक सांधा भिंगाखाली तपासला होता. खोक्यात माझ्यासोबत एक पुस्तिका होती. तार किती जाड हवी, फ्यूज कुठे लावायचा, काळी तार कुठे कसायची, सगळं चित्रांसकट. मी मोठ्या विश्वासानं खोक्यातून बाहेर आलो.

माझा मालक धरणाच्या दरवाजांवर कामाला होता. दरवाजे उघडायच्या तासभर आधी नदीकाठच्या लोकांना सावध करायचं, ही त्याची जबाबदारी. धरणावरचा भोंगा पहिल्या वळणापलीकडे ऐकूच जात नसे आणि माणसं तर सगळी त्या वळणापलीकडेच. कपडे धुणारे, भाजीचे वाफे लावणारे, मासे धरणारे. म्हणून मालकानं स्वतःच्या मोटारसायकलवर दोन स्पीकर, एक माइक आणि मला बसवायचं ठरवलं. विचार उत्तम होता. फक्त बसवायचं काम त्यानं मेहुण्याला दिलं.

मेहुणा मनानं वाईट नव्हता. पण आपल्याला न येणारी गोष्ट जगात आहे, हे त्याला मान्य नव्हतं. पुस्तिकेची घडी करून त्यानं ती डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. घरातल्या बेलची उरलेली बारीक तार त्यानं माझ्या पोटापाण्याला, म्हणजे बॅटरीतून वीज आणायला जोडली. माझी काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला कसायची असते, तीही रंग खरवडून, उघड्या लोखंडावर. यानं ती चकचकीत रंगावरच कसली. स्पीकरची तार हँडलच्या मानेजवळून कशीतरी दामटली. मला फोममध्ये गुंडाळलं, गारठा लागू नये म्हणून की काय कोण जाणे. शेवटी माझं गेनचं बटण फिरेल तितकं पिळलं. अरे बाबा, ते बटण आवाज वाढवायचं नसतं. माइकचा आवाज मला झेपेल एवढा आत घ्यायचं असतं. पण मला विचारतो कोण?

गाडी सुरू झाली आणि स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज निघाला. अॅक्सिलरेटर पिळला की तो चढे, सोडला की उतरे. एवढ्यावरून कुणाच्याही लक्षात यावं, की इंजिनाचा आवाज माझ्या तारांतून आत शिरतोय. मेहुणा म्हणाला, डबाच बेकार आहे. त्यानं स्पीकर बदलले. कुईं तशीच. त्यानं माइक बदलला. कुईं तशीच. मग तो म्हणाला, होईल सवय.

काही महिने तसेच गेले. मालक काठानं फिरे, थांबून थांबून सांगे, लोक वर येत. पण हँडल वळताना स्पीकरची तार रोज थोडी थोडी घासत होती. एक दिवस तिचं आवरण फाटलं. त्यानंतर हँडल डावीकडे पूर्ण वळलं की आतलं तांबं लोखंडाला चिकटे. अशा वेळी आपण जळू नये म्हणून मी स्वतःला बंद करून घेतो आणि लाल दिवा लावतो. मेहुणा येऊन हँडल सरळ करी, सीट काढी, मला एक थापट मारी आणि किल्ली फिरवून पुन्हा चालू करी. अर्थातच मी सुरू होई. त्यामुळे थापटेनं मी सुधारतो, अशी त्याची पक्की खात्री झाली. त्या थापटा आठवल्या की अजून माझ्या पट्ट्या तापतात.

आणि मग तो दिवस आला. वरच्या डोंगरात पाणी वाढलं होतं आणि दुपारी बाराला दरवाजे उघडायचे होते. मालक अकराला निघाला. पहिल्या थांब्यावर त्यानं गाडी बाजूच्या स्टँडवर टेकवली. हँडल डावीकडे कललं आणि माझा लाल दिवा लागला. त्यानं किल्ली फिरवली, पुन्हा लाल. पुढच्या थांब्यावर तेच. चालत्या गाडीवर त्याला माइक धरता येत नसे, आणि थांबला की मी मुका. तो उतरून पळत खाली गेला, घसा फाडून ओरडला, परत आला. असे चार थांबे झाले आणि त्याचा आवाज पार बसला. सीटखाली मी नुसता धुमसत होतो. दोष एका वीतभर तारेचा, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

शेवटच्या वळणावर नदीच्या मधोमध, खडकाला होडी बांधून, एक मासेमार बाई पाठमोरी बसून जाळं दुरुस्त करत होती. बारा वाजत आले होते आणि मालकाच्या घशातून नुसती हवा येत होती. त्यानं धरणावरच्या सोबत्याला फोन लावला आणि कसंबसं कुजबुजत थांबायला सांगितलं. सोबती म्हणाला, "दहा मिनिटं धरतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

मालक कमरेएवढ्या पाण्यातून खडकापर्यंत गेला आणि त्यानं बाईचा दंड धरला. ती जाळं सोडायला तयार नव्हती. त्यानं तिला अक्षरशः ओढत काठावर आणलं. ती दोघं चढ चढत असतानाच पाणी आलं. होडी गेली, जाळं गेलं. बाई ओल्या लुगड्यानिशी माझ्या मोटारसायकलजवळ उभी राहिली. "एरवी ही गाडी बोलते," ती म्हणाली. "आज काय झालं होतं हिला?"

मालकानं नुसतं सीटखाली माझ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी मेहुण्यानं मला भंगारात द्यायचं ठरवलं. स्क्रू काढायला तो बसलाच होता, तेवढ्यात मालकाची थोरली बहीण आली. ती पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायची. तिच्या बोटांना कायम वार्निशचा वास असे. तिनं आधी स्टुलाखालची पुस्तिका काढून झटकली, मग विचारलं, "हा बंद केव्हा पडतो?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"त्याच्या मनाला येईल तेव्हा," मेहुणा म्हणाला.

"मी यंत्राबद्दल विचारतेय, तुझ्याबद्दल नाही."

मालकानं टाकीवरच्या धुळीत बोटानं लिहिलं, 'गाडी उभी केली की.'

ताईनं माझ्या सगळ्या स्पीकरतारा सोडवल्या आणि मला नुसतं चालू केलं. हिरवा दिवा लागला. म्हणजे मी ठणठणीत. मग तिनं एकेक तार जोडत, दर वेळी हँडल इकडून तिकडे फिरवलं. डाव्या स्पीकरची तार जोडून हँडल डावीकडे नेलं आणि लाल दिवा लागला. तिनं मानेजवळून ती तार ओढून काढली आणि फाटलेला भाग मेहुण्याच्या तळहातावर ठेवला.

पुढचं काम तिनं पुस्तिका उघडी ठेवून केलं. नवी तार रबराच्या नळीत घालून, वळायला ढील ठेवून नेली. सांगाड्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून काळी तार उघड्या लोखंडावर कसली. बॅटरीपासून जाड तार ओढली आणि फ्यूज बॅटरीशेजारीच लावला. फोम फेकून दिला. गेन शून्यावर आणून हळूहळू वाढवला आणि आवाज फाटायच्या आतच थांबली. इंजिन सुरू झालं. कुईं नाही. मला स्वतःलाच ती शांतता नवी होती.

दुसऱ्या दिवशी मेहुणा स्वतःहून त्या बाईकडे गेला आणि चूक आपली होती, हे त्यानं सांगितलं. जुन्या फळ्यांची एक होडी त्यानं मिळवून दिली. पंधरा दिवस तो तिच्या अंगणात बसून नवं जाळं विणायला मदत करत होता. त्याच्या निम्म्या गाठी ती सोडून पुन्हा घाली, असं तो स्वतःच घरी सांगायचा.

पुढच्या वेळी दरवाजे उघडायचे होते तेव्हा आम्ही त्या वळणावर पोचलो. मालकानं स्टँड लावला, हँडल डावीकडे कललं आणि मी बोललो. बाई जाळं गुंडाळून केव्हाच काठावर आली होती. कानावर हात ठेवत ती म्हणाली, "कळलं हो, मागच्या वळणावरच कळलं. आता पुरे करा."

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझ्या कोपऱ्यांचा रंग गेला आहे आणि खड्ड्यांनी स्क्रू ढिले होतात. ताई महिन्यातून एकदा सीट उचलून ते आवळते. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, तर एवढंच करा. आवाज जरा खरखरला की त्याच आठवड्यात तारा बघा. दहा मिनिटांचं काम असतं ते. पाणी सुटायच्या दिवसाची वाट बघू नका.