अकराव्या खान्यातली हळद

सरकारी कागदावर मी आयुष्यात एकदाच पुरतं खरं लिहिलं. त्या एका खऱ्यानं मला जेवढा घाम फोडला, तेवढा माझ्या साऱ्या थापांनी मिळून फोडला नसेल.

थापा मी पहिल्यापासून मारत आलो. आमच्या संतपूरच्या तळ्यावर चष्मा लावलेला वाघ पाणी प्यायला येतो, हे मी सात वर्षांचा असताना सांगितलं, तर औरादहून दोन माणसं त्याच्या चष्म्याचा नंबर विचारायला आली होती. पुढं पुढं गावात माझ्या शब्दाला अशी किंमत आली, की मी 'उजाडलं' म्हणालो तरी लोक अंगणात येऊन वर बघून जात. माझे वडील रामकिशन, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते हसून सोडून द्यायचे. आई हसायची नाही. "राघोबा, तू मेलास तरी लोक आधी नाडी बघतील रे," म्हणायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि तिसऱ्या खेपेला का होईना, मी मॅट्रिक पास झालो होतो. गुलबर्ग्याच्या एका इंटर कॉलेजच्या बोर्डिंगात औराद तालुक्यासाठी एक जागा होती. एकच. अण्णांनी सांगून टाकलं, "ती जागा मिळाली तर शीक. न्हाई मिळाली तर दसऱ्यापासून औताच्या मागं. मधलं काय बी न्हाई."

औताच्या मागं चालायचं माझ्या जिवावर येई. म्हणून अण्णांना न सांगता मी आणखी चार ठिकाणी अर्ज टाकून ठेवले होते. एक हैदराबादच्या कॉलेजात, एक सोलापूरच्या, एक जनावरांच्या डॉक्टरकीच्या शाळेत. चौथं ठिकाण मागाहून सांगतो.

आमचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात, म्हणून गुलबर्ग्याचा फार्म आला तो उर्दूत. तक्त्यातल्या रकान्याला तिथं 'खाना' म्हणत. नाव, बापाचं नाव, गाव असे दहा खाने सरळ होते. अकराव्यात विचारलं होतं, 'और कहाँ-कहाँ दरख्वास्त दी है?' म्हणजे आणखी कुठं कुठं अर्ज टाकलाय.

मी फार्म घेऊन औरादला हणमंतरावांकडं गेलो. तहसिलीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी कानावरचा बोरू काढला, अकराव्या खान्यावर टेकवला आणि म्हणाले, "हितं लिही, नदारद."

नदारद म्हणजे काही नाही. सरकारी कागदातला तो त्यांचा लाडका शब्द.

"पण मी तर चार ठिकाणी..."

"हळू बोल! दुसरीकडं बी मन हाय म्हणून दिसलं की पयलं तुझं नाव काटतेत. पोरगी बघायला गेल्यावर आधी किती पोरी बघितल्या ते सांगायलेत का कोण?"

हे मला एकदम पटलं. घरी येऊन मी आईला उत्साहानं सांगितलं, की बाकी सगळं झालं, फक्त अकरावा खाना राहिलाय.

"अकरा येळा खायला घालतेत व्हय रे तिथं?" आई म्हणाली.

मी खाना म्हणजे काय ते सांगितलं, हणमंतरावांची युक्तीही सांगितली. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"मग खरं कामून लिहायला न्हाईस?"

"खरं लिहिलं तर जागा जाईल, आई."

"अन् खोटं लिहिलं तर मिळंल?"

"मिळंल."

"म्हंजे गुलबर्ग्याला बी तू थापाड्याच म्हणून जाणार." तिनं हात परातीत झटकले. "हितलं गाव तर गेलंच हातचं. नवं गाव तरी कोरं ठेव की रे!"

उठून ती देवापाशी गेली आणि मैलारच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची डबी घेऊन आली. "उचल. म्हण, या कागदावर खोटं लिहिणार न्हाई."

वाघाला चष्मा लावणारा मीच. पण भंडारा उचलून खोटं बोलायची आमच्याकडं कुणाची छाती नाही, माझीही नव्हती. हळदीची चिमूट तळहातावर घेतली, बोललो. हात धुवायला उठलो तर तिनं मनगट धरलं. "धुवायचा न्हाई. तसाच लिही."

तसाच लिहिला. चारही नावं, चौथ्यासकट. आणि लिहून कागद उचलला तर अकराव्या खान्यावर माझा अंगठा उमटलेला, पिवळाजर्द. फार्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, 'दागी दरख्वास्त रद्द.' डाग पडलेला अर्ज रद्द!

दुसरा फार्म मिळणार नव्हता, मुदतीला दोन दिवस उरले होते. मी डागावर भाकरीचा तुकडा घासला. डाग पसरला. मग अक्कल चालवून ओल्या साबणाचं बोट फिरवलं. हळदीला साबण लागल्यावर काय होतं ते कुठल्याही बाईला ठाऊक असतं, मॅट्रिक झालेल्याला नव्हतं. डागाची कड लालभडक झाली. माझ्या फार्मावर आता हळद-कुंकू दोन्ही होतं.

टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून स्वतःच निघालो. तेव्हाची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. संतपूर ते गुलबर्गा शंभरेक मैल. त्यातले साठ मैल मोटारीनं आम्हाला नेलं आणि चाळीस मैल आम्ही मोटारीला. हुमनाबादच्या चढावर तर आम्ही ढकलता ढकलता इतके पुढं गेलो, की मोटार मागून हाका मारत होती.

कॉलेजच्या कचेरीत चनमल्लप्पा नावाचे हेडक्लार्क बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकावर चष्मा. त्यांनी माझा फार्म दोन बोटांनी उचलला.

"इदेनु अप्पा? हे काय, फार्म हाय का लग्नाची पत्रिका?"

कचेरी हसली. त्यांनी फार्म रद्दच्या गठ्ठ्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं अण्णांचे दोन्ही बैल येऊन उभे राहिले. तेवढ्यात आतल्या दारातून प्रिन्सिपलसाहेब आले. हैदराबादचे, पांढरी दाढी, बोलणं गुळगुळीत. हसण्याचं कारण विचारून त्यांनी तो फार्म हातात घेतला, आणि अकराव्या खान्यापाशी थबकले.

"ये चौथा नाम क्या है, मियाँ?"

"सर्कस, हुजूर."

होय, सर्कस. सोलापूरला उतरलेल्या एका सर्कशीला मी पत्र टाकलं होतं, की आपल्याला वाघांचा अनुभव आहे.

साहेबांची भुवई चढली. "मजाक करते हो?"

आता डागानं नाही तर खऱ्यानं माझी जागा जाणार होती. मी म्हणालो, "सच है, हुजूर." आवाज असा निघाला, की मलाच ती थाप वाटली. नदारद लिहिलं असतं तर एव्हाना मी बाहेर उसाचा रस पीत असतो.

पण चनमल्लप्पांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं होतं. दोन दिवसांनीही अंगठ्याच्या नखात पिवळं होतं. त्यांनी साहेबांच्या हातातला कागद हळूच आपल्याकडं वळवला, वास घेतला, लाल कड बघितली.

"भंडारा उचललास काय रे?"

"व्हय."

"कोण उचलाय लावलं?"

"आईनं."

चनमल्लप्पांनी चष्मा काढला. "हुजूर, छोकरा सच लिख्या है. ये हल्दी हात में लेको हमारे में कोई झूट नै बोलता."

साहेब टेबलाकडं वळले. त्यांनी बाकीच्या अर्जांचा गठ्ठा ओढला आणि एकेक उलटत वाचू लागले, "नदारद. नदारद. नदारद..." चौपन्न अर्ज, चौपन्न नदारद. मग खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं, की गेल्या वर्षीही सगळे नदारदच होते, आणि दिवाळीपर्यंत त्यातले नऊ जण दुसरीकडं निघून गेले. नऊ खाटा रिकाम्या राहिल्या, आणि त्या खाटांसाठी आलेली नऊ पोरं जागा नाही म्हणून आधीच गावी परतली होती. कुणाचं नाव काटायला नव्हे, खाटा मोजायला तो खाना होता.

"कहीं से बुलावा आया?"

"नाही हुजूर. सोलापूरच्या कॉलेजनं नको म्हटलं. बाकीच्यांचं उत्तर नाही."

"और सर्कस बुलाए तो?"

मी नखाकडं बघितलं. अजून पिवळंच.

"तो जाऊँगा, हुजूर."

चनमल्लप्पांनी कपाळाला हात लावला, विभूतीचा पट्टा पुसला गेला. साहेब आधी दाढीत हसले, मग मोठ्यानं. हसत हसतच फार्मावर सही केली. "तो जब तक सर्कस का खत नहीं आता, यहाँ पढ़ो."

घरी आलो ते उंबऱ्यातूनच सगळं सांगत. आई ऐकत राहिली. मोटार मागून हाका मारत होती इथपर्यंत तिनं मान हलवली, साहेब हसले इथं मात्र थांबवलं.

"हसला अन् खटकन् सही केली? थापाड्या!"

डबी आणली. मी भंडारा उचलला. मोटारीचं तेवढं मागं घेतलं, बाकी सगळं तसंच राहिलं. माझ्या तळहातावरचा भंडारा तिनं बोटानं उचलून माझ्याच कपाळाला लावला, आणि पदर सावरत शेजारच्या राजूबाईकडं गेली.

"राघोबाला गुलबर्ग्याला जागा मिळाली."

"व्हय? कोण सांगितलं?"

"राघोबानंच."

राजूबाईनं तोंड वाकडं केलं. "मग कागद येऊ दे आधी."

"कागद कशाला?" आई म्हणाली. "राघोबा म्हणला, झालं."

भिंतीच्या अलीकडं मी ते ऐकलं. पुढं बी.ए. झालो, तालुक्यात मास्तरकी केली, पण तेवढं मोठं सर्टिफिकेट पुन्हा मिळालं नाही.

आणि दिवाळीत सर्कशीचं पत्र आलं. लगेच निघून या, तुमचा वाघ बरोबर आणा, चष्मा आम्ही देऊ. मी गेलो नाही. भंडारा उचलून सांगितलं असतं, पण डबी आता सूनबाईच्या ताब्यात असते, आणि ती मला डबीला हात लावू देत नाही.