साळीचं पाणी

मोगलाईच्या, म्हणजे निजामी राजवटीच्या, अखेरच्या वर्षांत धर्माबादेकडच्या एका गावात रुद्राणी सून म्हणून आली. ती घाटावरच्या मुरुडकडची, म्हणजे अस्सल ज्वारीच्या मुलखातली. तिच्या माहेरी भात शिजायचा तो सणासुदीला, नाहीतर पाहुण्याच्या ताटापुरता. तो उगवतो कसा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सासरी विचारायची तिची छाती नव्हती. सासू नागम्मा तोंडाची फटकळ. तिच्या साळीला, म्हणजे भाताच्या पिकाला, तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

लावणीला पाच दिवस झाले होते. घरचे पुरुष बैल बघायला बाजाराला गेलेले. रुद्राणी बांधावरचं गवत कापायला शेतात गेली आणि जागीच थबकली. खाचरात पाणी तुंबलेलं आणि त्यात रोपं पिवळी पडून, माना टाकून उभी! तिच्या बापाची ज्वारी अशी पाण्यात पिवळी पडली की हातची गेलीच समजायची. तिनं पदर खोचला, खोपीतलं फावडं घेतलं आणि बांध फोडला. पाणी खळखळत ओढ्याला गेलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच आपल्या हातून काही नीट झालं असं वाटून बिचारी हसतच घरी आली.

"आत्याबाई, पीक सडून राहिलं होतं. म्या समदं पाणी काढून दिलं."

नागम्माच्या हातातलं सूप खाली पडलं. "शिवा शिवा! अगं, साळ पाण्यातच ऱ्हाती, पोरी. नवी लावणी आठ-धा दिस पिवळीच दिसती."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर रुद्राणीला बरं वाटलं असतं. गावच्या तळ्याच्या पाण्याची त्यांची पाळी कालच होऊन गेली होती, आता पाणी आठ दिवसांनी. पाऊस तर पंधरा दिवस बेपत्ता. तोवर कोवळी रोपं जळून जाणार आणि आपली रवानगी माहेरी होणार, असं तिनं धरूनच टाकलं.

नागम्मा डोक्यावर पदर घेऊन निघाली ती थेट गुरम्माच्या दारात. गुरम्मा तिची धाकटी जाऊ. वाटणीच्या भांडणानंतर सात वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण आजची पाळी गुरम्माची होती. रुद्राणी सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

"गुरम्मा, आजचं पाणी मला दे. माझी पुढची पाळी तू घे. तुझी लावणी आधीची हाय, तग धरंल."

"काऊन? कालच तर भरून घेतलंस की, अक्का."

"बांध फुटला."

"कुणी फोडला?"

"म्याच. बांध नीट करताना फावडं चुकलं."

गुरम्मा खदखदून हसली. "तीस वर्षं साळ केली म्हून मिरवायचीस, आन् सोताच्या हातानं बांध फोडलास! थांब, गावभर सांगती." नागम्मानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. रुद्राणीला ते बघवेना. "काकू, म्या..." म्हणत ती पुढे झाली, तसा नागम्मानं तिचा दंड असा दाबला की पुढचे शब्द तोंडातच राहिले.

तेवढ्यात गुरम्माची नजर खाली गेली. सुनेच्या लुगड्याला ढोपरापर्यंत चिखल, आणि सासूचे पाय कोरडे. तिचं हसणं थांबलं.

"ने पाणी," ती म्हणाली. "पाणी सोडणाऱ्या तळेवाल्याला मी सांगती."

वाटेत रुद्राणी कशीबशी बोलली, "माझ्यापायी तुमी त्यांच्यापुढं मान खाली घातली, आत्याबाई."

"अगं येडे, दुसऱ्याचं शेत समजली असतीस तर गवत कापून गुमान घरी आली असतीस. पीक मरतंय म्हून जीव तुटला तुझा. साळीचं काय, ते मी शिकवीन."

रुद्राणीला मग रडू आवरलंच नाही. नागम्मानं तिचा हात धरला, आणि पाणी यायच्या आत बांध बुजवायला दोघी झपाझप निघाल्या.