जाहिरातीत न मावलेली पुरा विदा

आमच्या खानावळीसमोरचा रस्ता ओस पडला त्याला वर्ष झालं. ट्रकवाले आता खालच्या महामार्गानं सुसाट जातात, अन् माझ्या घेवडा-भाताची कढई दुपार झाली तरी अर्धी भरलेलीच. गिऱ्हाईक नाही आलं तर खानावळ बंद, हे ठरलेलं होतं. म्हणून राजधानीतून कॉफीचे जाहिरातवाले आले, तेव्हा मी त्यांची सरबराई करायला काही कमी केलं नाही. त्यांचा दिग्दर्शक एस्तेबान, मोठा चुणचुणीत.

"फिदेलियाबाई, तुमची खानावळ जगभर दिसेल. महामार्गावर पाटी आम्ही लावून देतो. तुम्ही फक्त हसून ‘पुरा विदा’ म्हणायचं."

म्हणायला काय जातंय? निखळ जगणं, एवढाच त्याचा अर्थ. कसं काय विचारलं तरी पुरा विदा, आभार मानायचे तरी पुरा विदा, निरोपालाही तेच. म्हातारे सांगतात, हा बोल मेक्सिकोच्या सिनेमातून आला. आला असेल, पण वाढला आमच्या अंगणात! आता परदेशी पाहुणे तो टी-शर्टवर छापून मिरवतात, अन् मला त्याचा अभिमानच वाटतो.

मी हसले, ‘पुरा विदा’ म्हटलं, काम फत्ते. मग त्यांना बैलगाडी हवी होती, म्हणजे माझा नवरा तोरिबिओ.

तोरिबिओ उतारावरून आले ते गाडीशिवाय. खांद्यावर जू, मागे आमचा एकच बैल, कानेलो. मी काय ते समजले. त्याचा जोडीदार लुसेरो कालपासून उठला नव्हता. दोघं वासरं होती तेव्हापासून एकाच जुवाखाली चाललेली. आमच्याकडे नवरा बायकोला अन् गाडीवान बैलालाही ‘तुम्ही’ म्हणतो. "चला कानेलो, मागे बघू नका तुम्ही," असं ते त्याला समजावत होते.

कॅमेरा चालूच होता. एस्तेबान ओरडला, "काय तोरिबिओदादा, कसं काय?"

तोरिबिओंनी टोपी काढली. "पुरा विदा." आवाज घोगरा झाला होता.

"मस्त! पण जरा आनंदानं. पुन्हा एकदा म्हणा."

माझं डोकंच फिरलं. भात वाढायचा डाव हातात घेऊनच बाहेर आले. "बैल मेलाय त्यांचा!"

एस्तेबान पांढराफटक पडला. "पण ते तर म्हणाले..."

"मग काय रडगाणं गायचं तुमच्यापुढे? तुमची आजी काय ‘पुरा विदा’ फक्त हसतानाच म्हणायची का हो? कानेलो उभा आहे, चुलीवर कॉफी आहे, मी आहे. एवढं असलं की आम्ही म्हणतो. पुन्हा नाही म्हणणार ते. बंद करा ते यंत्र."

"पाटी जाईल, बाई."

"जाऊ द्या."

तेवढ्यात शेजारचे नाउतिलिओ आपला पांढरा बैल घेऊन आले. दावं तोरिबिओंच्या हातात देत म्हणाले, "रविवारच्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीत कानेलो एकटे कसे चालतील? राहू द्या ह्यांना तुमच्याकडेच."

"अहो, पण ह्याचं काय द्यायचं तुम्हाला?"

"पुरा विदा, तोरिबिओ!" म्हणत ते परतही फिरले. एस्तेबाननं बंद केलेला कॅमेरा पुन्हा चालू केला नाही.

रविवारी गाड्यांची मिरवणूक निघाली. रंगवलेल्या चाकांचा खणखणाट, अन् त्यात आमची विजोड जोडी, एक तांबडा, एक पांढरा. ऊर भरून आला माझा. बघते तर गर्दीत एस्तेबान, रिकाम्या हातानं.

"काय हो, झाली का जाहिरात?"

"दुसऱ्या गावात झाली. दुसऱ्या दिग्दर्शकानं केली. मी कंपनीवाल्यांना म्हटलं, ‘आनंदानं म्हणा’ असं आता मी कुणाला सांगणार नाही. त्यांनी मला घरी बसवलं."

"मग आता कसं काय तुमचं?"

त्यानं काहीतरी लांबलचक सांगायला तोंड उघडलं. समोरून तोरिबिओ दोन्ही बैलांशी बोलत चालले होते. एस्तेबान त्यांच्याकडे बघत राहिला.

"पुरा विदा," तो म्हणाला. आवाज घोगरा होता.

मी त्याला हाताला धरून खानावळीत आणलं आणि त्याच्या भातावर दोन अंडी घातली.