मेंढ्यांच्या पाठीवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी कोयरी आहे. कैरीच्या आकाराची, चांदीची, झाकणावर छोटा मोर असलेली. पोटात दोन कप्पे आहेत, एक हळदीचा आणि एक कुंकवाचा. मोराची चोच मोडली आहे, तेवढं सांभाळून घ्या. अक्कल मात्र मला पहिल्यापासून बेताचीच, म्हणून माझी गोष्टही जरा गोंधळाची आहे.

नाशिकच्या सराफ बाजारात राजाभाऊ नावाच्या कारागिरानं मला घडवलं. सुचित्राच्या लग्नात मी रुखवतात मानानं मांडलेली होते. सासरी निघताना तिच्या आईनं मला तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "घरी आलेल्या बाईला हळदीकुंकवाशिवाय पाठवू नकोस हो." ते मी नीट ऐकलं. येईल तिच्यापुढे जायचं, झाकण उघडायचं, संपलं. किती सोपं काम, नाही का?

कुवेतला आले आणि माझं डोकं चक्रावलं.

सुचित्राचा नवरा प्रताप तिथं तेल कंपनीत इंजिनियर. रुमैथिया नावाच्या वस्तीत त्यांचं घर होतं. त्याच घरात प्रतापची मोठी बहीण श्यामलाही राहायची. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. खरं तर कुवेतला आधी आली तीच. प्रतापला मागून तिनंच बोलावून घेतलं. सुचित्राच्या लहानग्या तारानं पहिलं पाऊल टाकलं तेही या आत्याचं बोट धरून.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. बाहेर ऊन भाजून काढायचं आणि आत एसीच्या गारव्यात पंचवीसएक बायकांचा कलकलाट. शेजारची रत्नागिरीची सुरैयाही यायची. कुंकू ती घेत नसे, पण हात पुढे करून म्हणायची, "हळद लाव गो माझ्या हाताला. आणि डाळ जास्त वाढ!" मी आनंदानं सगळ्यांपुढे फिरायचे. फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी सुचित्रा मला घेऊन वळायची. आत श्यामला पन्हं गाळत उभी असायची. कैऱ्या उकडल्या तिनं, डाळ वाटली तिनं, आणि मी तिच्यापुढे जायचंच नाही?

मग एकदा आलेल्यांतल्या लताबाई स्वयंपाकघराकडे बघत दुसरीच्या कानात कुजबुजल्या, "बिचारीचा नवरा दोन वर्षांत गेला हो." बरं, गेला. वाईटच झालं. पण त्यात माझं झाकण का मिटायचं, ते मला उमजेना. आईनं तर 'घरी आलेल्या बाईला' एवढंच सांगितलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात प्रतापला कंपनीनं प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. श्यामलाच्या इस्पितळात पूर्वी मार्गारेट नावाची एक इंग्रज सिस्टर होती. नोकरी सोडून ती आपल्या गावी गेली होती. तिनं आग्रहानं बोलावलं, म्हणून ताराला सुरैयाकडे ठेवून सुचित्रा आणि श्यामलाही निघाल्या. सुचित्रानं मला पर्समध्ये टाकलं. लंडनच्या विमानतळावर एका साहेबानं माझं झाकण उघडून नाक खुपसलं आणि पाच-सहा शिंका दिल्या. परदेशात माझं स्वागत हे असं झालं.

मार्गारेटचं गाव म्हणे फार जुनं, बाजाराचं गाव. मला वाटलं, आता काहीतरी अचाट बघायला मिळणार. पर्सची चेन बिघडलेली होती, त्यामुळे मला सगळं दिसायचं. बघते तर काय, मधोमध दगडी चौथरा, त्यावर झिजलेला क्रूस आणि भोवती बटाटे, चीज, अंडी, जुन्या कपबशा मांडून बसलेले लोक. प्रताप हसून म्हणाला, "अगं, हा तर आपला बुधवारचा बाजार!" मग एवढं विमानानं यायचं कशाला, मित्रांनो? पण सुचित्रा आणि श्यामला त्या बाजारात नुसत्या हरखून गेल्या होत्या. वाकड्या लाकडी वाशांची घरं पाहून श्यामला म्हणाली, "ही पडत कशी नाहीत गं?" तोही प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मार्गारेटनं त्यांना गावाबाहेर रानात नेलं. वाट चक्क लोकांच्या शेतातून जात होती. सुचित्रा कुंपणाशीच अडली. "दुसऱ्याच्या शेतातून कसं जायचं? कुणी काठी घेऊन धावला म्हणजे?" ही वाट सगळ्यांचीच आहे, कुणीही जावं, असं मार्गारेटनं समजावलं. शेत एकाचं आणि वाट सगळ्यांची! मी पुन्हा बुचकळ्यात.

हिरवं तरी किती असावं त्यानं! कुवेतची वाळू बघून डोळे सुकलेली श्यामला चपला काढून गवतातून चालायला लागली. पुढे मेंढ्यांचा कळप होता आणि प्रत्येक मेंढीच्या पाठीवर लाल रंगाचा ठसठशीत ठिपका. आपली मेंढी ओळखू यावी म्हणून तिथले शेतकरी तो लावतात. श्यामला खदखदून हसली. म्हणाली, "सुचित्रा, बघ गं, इथं मेंढ्यांनासुद्धा कुंकू आहे!"

सुचित्रा हसायला गेली, पण तिला हसू येईना. श्यामलाचंही हसू मग ओसरलं. तिनं चपला पुन्हा पायात चढवल्या.

निघायच्या दिवशी सुचित्रानं मार्गारेटची ओटी भरायचं ठरवलं. खण होता, तांदूळ होते. नारळ कुठून आणणार? बाजारातलं लालबुंद सफरचंद घेतलं. मार्गारेटनं ॲप्रनचा ओचा पुढे धरला आणि भिंतीवरच्या एका फोटोकडे कौतुकानं पाहून म्हणाली, "आज जॉर्ज असता तर त्याला किती गंमत वाटली असती!"

"कुठे असतात ते?" सुचित्रानं विचारलं. मार्गारेटच्या बोटातली अंगठी आणि अंगावरचा फुलाफुलांचा झगा पाहून नवरा हयात आहे, असा तिनं समज करून घेतला होता.

"जाऊन सहा वर्षं झाली त्याला."

सुचित्राचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. मार्गारेट तर डोळे मिटून, कपाळ पुढे करून उभी! आता काय? माझं झाकण उघडंच. तेवढ्यात श्यामला पुढे आली. सुचित्राच्या हातातून तिनं मला घेतलं. इतक्या वर्षांत तिचा हात मला पहिल्यांदाच लागला. तिनं मार्गारेटला आधी हळद लावली, मग कुंकू.

मार्गारेटनं डोळे उघडले. निरोप घेताना एकमेकींना हे लावायचं असतं, असा बिचारीचा समज झाला. तिनं माझ्यात बोट बुडवलं आणि श्यामलाच्या कपाळावर भलंमोठं वेडंवाकडं कुंकू लावून दिलं. श्यामला हलली नाही. सुचित्रानं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

ते कुंकू श्यामलानं गाडीत पुसलं नाही, विमानात पुसलं नाही. पण खाली कुवेतचे दिवे दिसू लागल्यावर तिनं हळूच रुमाल काढला. मला रडू आलं असतं, पण चांदीला कुठलं रडू.

पुन्हा चैत्र आला. बायका जमल्या. सुचित्रा मला घेऊन निघाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी यंदा वळलीच नाही. थेट आत गेली.

"वन्सं, इकडे बघा."

श्यामला दचकली. "इथं नको गं. बाहेर बायका आहेत. तिथली गोष्ट वेगळी, तिथं ओळखीचं कोण होतं?"

"मी होते ना," सुचित्रा म्हणाली. "विमानात रुमाल काढलात, तेव्हाचं तुमचं तोंड मी पाहिलंय. चुकलं माझं, वन्सं. फार उशीर केला मी."

श्यामलानं पन्ह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग ओले हात पदराला पुसून म्हणाली, "आधी हळद लाव. कुंकू मग."

पन्ह्याचे पेले घेऊन ती बाहेर आली तेव्हा सगळा कलकलाट बंद पडला. लताबाईंनी डाळीची वाटी खाली ठेवली. मग सुरैयाचा आवाज आला, "आपा, पन्हं द्या की! घसा सुकला आमचा वाट बघून." कुणीतरी हसलं, कुणी पेला घेतला, दोघीजणी लवकर घरी गेल्या. जाऊ देत.

आता टिकल्यांची पाकिटं आलीत, मला कोण विचारतो? तारा माझ्यात केसांच्या क्लिपा ठेवते. ठेवू दे. मित्रांनो, मला घासून लखलखीत करा, असंही मी म्हणत नाही. घरातली वस्तू काळी पडली तर चिंचेनं उजळते. पण जी वस्तू सगळ्यांपुढे फिरवता, ती एखादीच्या दारातून मागे नेऊ नका. तिथून वळताना फार ओशाळायला होतं हो.

कुंकू कुणाला लावायचं आणि कुणाला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. खरं सांगू? आता ते जाणून घ्यायचंही नाही.